रंगावरून जात ठरत नाही: घायपातीवरच्या ढेकण्याची ओळख

घायपातीच्या पानावर बोट फिरवलं की आधी हाताला लागतो तो पांढुरका, मेणचट लेप. बोट जिथून गेलं तिथं गडद हिरवा पट्टा उमटतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, जिथं घायपात दारोदारच्या बागेत लावतात, तिथं या पानांवर कधीकधी फिकट ठिपके दिसू लागतात. ते वाढत जाऊन एकमेकांना मिळतात आणि पानावर खपली धरल्यासारखा खडबडीतपणा येतो. अशा झाडाची दोन पानं हातानं जरा विलग केली, की बेचक्यातून जेमतेम दोन मिलिमीटरचे, लांब पायांचे किडे सैरावैरा पळत सुटतात. त्यांच्या या पळण्यावरूनच तिथल्या बागकामाच्या बोलीत त्यांना ‘पळता बग’ अशा अर्थाचं नाव पडलं आहे. शास्त्रीय नाव कॉलोटॉप्स बार्बेरी. कॉलोटॉप्स ही प्रजाती, बार्बेरी ही जाती. हॅरी नाइट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये तिचं वर्णन केलं.

एकाच पानावरचे हे किडे भिंगाखाली धरले तर एकसारखे दिसत नाहीत. कुणी फिकट, कुणी गडद. कुणाला अंगभर पंख, कुणाला नुसते पंखांचे कोंब. पाहणारा सहज म्हणतो, ‘इथे दोन-तीन जाती दिसतायत.’ बहुतेक वेळा जाती तिथं एकच असते. मला या विषयाची ओढ लागली ती याच चुकीमुळे. ही चूक अ‍ॅरिझोनात होते तशी आपल्या कोकणातही होते, आणि तिथला किडा या किड्याचा लांबचा का होईना, नातलगच आहे.

डिसेंबरात वेंगुर्ल्याजवळ एका काजूच्या बागेत बागायतदार काकांनी मला मोहोराची फांदी वाकवून दाखवली. ‘ढेकण्या,’ ते म्हणाले. मग हळूच विचारलं, ‘हे दोन येगळे आसत काय?’ फांदीवर दोन किडे होते, एक लालसर अंगाचा आणि दुसरा त्याहून काळपट, किंचित लहान. थोडं थांबून पाहिलं तर दोघांची शेपटाकडची टोकं एकमेकांना जोडलेली. नर आणि मादीच होती ती! दोघांच्याही पाठीवर टाचणी रोवल्यासारखा बारीक उभा काटा होता. रंग वेगळा होता, पण पाठीवरची खूण एकच. मीलन हा काही एका जातीचा छातीठोक पुरावा नव्हे, पण पाठीवरचा काटा, पोट, पाय, यजमान झाड असं सगळं जुळत असताना नुसत्या छटेवरून दोन नावं देण्याचं कारणही उरत नाही.

काजूवरच्या या किडीचं पुस्तकी नाव ‘टी मॉस्किटो बग’, म्हणजे हेलोपेल्टिस. लांब पाय आणि लांब मिशांमुळे इंग्रजीत तिला डासाच्या पंगतीला बसवलं गेलं, पण डासाशी तिचा काडीचाही संबंध नाही. डास हा दोन पंखांचा, माशीच्या गणातला. कोकणातल्या शेतकऱ्यानं तिला ढेकण्या म्हटलं, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं त्याचंच बरोबर आहे. पलंगातला ढेकूण, काजूवरचा ढेकण्या आणि घायपातीवरचा कॉलोटॉप्स हे तिघं हेमिप्टेरा या एकाच गणातले, आणि त्या गणातही सिमिकोमॉर्फा या एकाच शाखेतले. पुढं वाट फुटते. ढेकूण सिमिसिडी कुळात जातो, बाकीचे दोघे मिरिडी कुळात. मिरिडी कुळातही हे दोघे ब्रायोकोरिनी या एकाच उपकुळात मोडतात. मला हे नातं फार मोलाचं वाटतं. अ‍ॅरिझोनातल्या घायपातीबद्दल वाचलेलं वेंगुर्ल्याच्या काजूकडे पाहताना उपयोगी पडतं ते यामुळेच.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज. ‘बग म्हणजे कुठलाही किडा.’ बोलताना चालतं, पण वर्गीकरणात ‘बग’ ही नेमकी संज्ञा आहे. खरा बग तोंडावरून ओळखायचा. त्याला चावायला जबडा नसतो. डोक्याखाली दुमडलेली सोंड असते आणि तिच्यात सुईसारखे बारीक अवयव. पानाचा तुकडा तोडून खाणारा कुठलाही किडा या गणातला नव्हे. घायपातीच्या बाबतीत हा फरक फार महागात पडू शकतो, कारण त्या झाडाचा सर्वांत मोठा शत्रू बग नाहीच, तो सोंडकिडा आहे. स्कायफोफोरस अ‍ॅक्युपंक्टेटस नावाचा हा काळा भुंगेरा आपल्याकडच्या नारळावरच्या सोंड्या भुंग्याचा भाऊबंद. त्याच्या अळ्या घायपातीचा गाभा आतून पोखरतात, गाभा सडतो आणि एके दिवशी भलंथोरलं झाड खाली बसतं. मेक्सिकोतले टकिलासाठी घायपात लावणारे शेतकरी याच भुंगेऱ्याच्या धास्तीत असतात. कॉलोटॉप्सचा हल्ला वरवरचा. भारी प्रादुर्भावात झाड खंगतं, रोपं खुंटतात, पण गाभा पोखरला जात नाही. दोघांनाही ‘बग’ म्हणून मोकळं झालं, तर उपाय चुकतो.

भुंगेरा आणि बग यांतला फरक पाठीवर दिसतो. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक, आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत एकमेकांना भिडलेले. बगाच्या या शाखेतल्या किड्यांचा पुढचा पंख अर्धा चामड्यासारखा, टोकाकडं पारदर्शक पडद्यासारखा, आणि दोन पंख पाठीवर एकमेकांवर चढलेले. मिरिडी कुळाची खास खूण म्हणजे चामड्याच्या भागाच्या टोकाशी असलेला छोटा त्रिकोणी तुकडा. लॅटिनमध्ये त्याचं नाव क्युनिअस, म्हणजे पाचर. सुताराच्या पाचरीसारखाच तो दिसतो. या पाचरीच्या बेचक्यापाशी पंख खाली वाकतो, त्यामुळे बाजूनं पाहिलं तर किड्याचं मागचं टोक उतरतं छप्पर असल्यासारखं भासतं. एकदा ही वाकण नजरेत बसली की मिरिड लांबूनही ओळखू येतो. दुसरी खूण डोक्यावर. बऱ्याच बगांच्या डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज साधे डोळे असतात, मिरिडांत थोडे अपवाद सोडले तर ते नसतात. या कुळात आजवर ११,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. बगांच्या या शाखेतलं हे सर्वांत मोठं कुळ.

पंखांचे कोंब असलेले ते किडे म्हणजे पिल्लं. फुलपाखराला अळी आणि कोष असतो, बगाला नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, फक्त लहान आणि बिनपंखी. सहसा पाच वेळा कात टाकून ते प्रौढ होतं आणि दर कातीबरोबर पंखांचे कोंब वाढतात. शेवटची कात टाकलेला प्रौढ पहिले काही तास फिकट आणि मऊ असतो, मग अंग कडक होतं, रंग गडद होतो. सकाळी टिपलेला फिकट किडा आणि दुपारी टिपलेला काळा किडा एकच असू शकतो. इथं एक सावधगिरी मात्र लागते. पंख आखूड म्हणजे पिल्लूच, असंही नाही. मिरिडी कुळातल्या पुष्कळ जातींत पूर्ण वाढलेल्या प्रौढांचे, विशेषतः माद्यांचे, पंख आखूड राहतात. पिल्लू की आखूडपंखी प्रौढ हे ठरवायचं तर पंखाकडं नीट पाहावं लागतं. तो पाठीला चिकटलेला नुसता कोंब आहे, की सांध्यापासून सुटा झालेला खरा पंख?

रंगाकडं वळू. रंगावर वय, लिंग आणि बऱ्याच कीटकांत तापमान यांचा परिणाम होतो, थंडीत वाढलेली पिढी गडद होते. संग्रहात गेल्यावर तर आणखी घोळ. मद्यार्कात ठेवलेल्या किड्याचा लाल रंग हळूहळू विटतो. म्हणजे दोन नमुन्यांतला फरक कधीकधी बाटलीनं घडवलेला असतो.

रंगाच्या भरवशावर शास्त्रज्ञही चुकले आहेत, आणि दोन्ही दिशांनी. लायगस या प्रजातीतली एक उपद्रवी मिरिड कीड अमेरिकेत पिकांवर सर्रास सापडते. दिसायला युरोपातल्या लायगस प्राटेन्सिससारखी असल्यामुळे तिला कित्येक वर्षं तेच नाव लावलं जात होतं. पुढं दोन वेगळ्या जाती असल्याचं स्पष्ट झालं आणि आज ती लायगस लिनिओलॅरिस म्हणून ओळखली जाते. उलट बाजूनं, याच प्रजातीत रंगाच्या निरनिराळ्या छटांना वेगवेगळी नावं देण्याचा काळही होऊन गेला. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हा दरवाजा बराचसा बंद केला आहे. १९६० नंतर ‘प्रकार’ किंवा ‘रूप’ म्हणून एखाद्या छटेला दिलेलं नाव उपजातीचंही नाव म्हणून धरलं जात नाही. लायगसची सगळी उत्तर अमेरिकी गर्दी नीट उलगडायला १९९८ सालचा श्वार्ट्झ आणि फुटिट यांचा मोठा ग्रंथ यावा लागला.

मग खरं ओळखपत्र कुठलं? मिरिडांत ते बहुधा नराच्या पोटाच्या टोकाशी असतं. नराचे पकड घेणारे दोन अवयव उजवे-डावे सारखे नसतात. डावा एका आकाराचा, उजवा दुसऱ्याच. त्यांची वळणं, दात, टोकं जातीगणिक बदलतात आणि रंगापेक्षा कितीतरी स्थिर राहतात. ते पाहायला पोटाचं टोक काढून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावं लागतं. काजूच्या ढेकण्याच्या बाबतीतही हेच झालं. भारतात हेलोपेल्टिसच्या तीन जाती महत्त्वाच्या, अँटोनिआय, थिव्होरा आणि ब्रॅडिआय. तिघींचेही रंग बदलते. पौर्वात्य देशांतल्या हेलोपेल्टिसची ओळख पटवणारा स्टोनडाल यांचा लेख १९९१ मध्ये आला, तेव्हा कुठं पाय ठेवायला घट्ट जमीन मिळाली. म्हणून ‘मोबाइलवर फोटो पाठवतो, जात सांगा’ असं कुणी म्हटलं की मला आधी कुळ आणि फार तर प्रजाती सांगून थांबावं लागतं. फोटो निरुपयोगी नाही. झाड, पान, ठिपके आणि पिल्लं एका फोटोत आली तर अर्धं काम होतं.

झाडाबद्दलचा गैरसमज त्याहून चिवट. ‘घायपातीवर सापडला, म्हणजे घायपातीचाच.’ वाऱ्यानं आलेला, उन्हातून सावलीला टेकलेला किडाही पानावर सापडतो. यजमान झाड म्हणायचं तर त्यावर पिल्लं सापडायला हवीत, कारण पिल्लू उडून येत नाही. या बाबतीत अमेरिकेतली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. घायपातीवर कॉलोटॉप्स, तर तिच्यासारख्याच टोकदार पानांच्या युक्कावर हॅल्टिकोटोमा. दोघेही मिरिड, दोघेही छोटे, दोघांचेही पानावर फिकट ठिपके. झाड नीट ओळखलं तर चुकण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात कमी होते. घायपातीच्या फुलोऱ्याच्या दांड्यावर दिसणारा मोठा, मिशांची टोकं नारिंगी असलेला अ‍ॅकॅन्थोसेफॅला थॉमसी हा तिसराच. त्याला इंग्रजीत ‘जायंट अगावे बग’ म्हणतात, पण तो कॉलोटॉप्सचा मोठा भाऊ नव्हे. तो कोरिडी कुळातला, आकारानं दहापटीहूनही लांब.

ठिपक्यांचंही असंच. ऊन लागून पान पोळतं तेव्हा उन्हाच्या बाजूला मोठा, सलग पांढरा चट्टा पडतो आणि सावलीची बाजू सुटते. सूक्ष्म कोळी लागले तर तेलकट, ओघळल्यासारखे डाग दिसतात आणि ते कोळी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. बगाचे ठिपके सुटे सुरू होतात. मिरिड सोंड खुपसून लाळ सोडतो, त्या लाळेनं पेशी विरघळतात आणि तो रांधा शोषून घेतो. जिथं टोचलं तिथलं हरितद्रव्य नाहीसं होतं. म्हणून ठिपका फिकट. काजूच्या कोवळ्या फुटीवर हाच वार काळा पडतो.

एवढं वाचून मिरिड म्हणजे पिकाचा वैरी असं कुणी धरून चालेल. तसंही नाही. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांची अंडी फस्त करणारा सिर्टोऱ्हायनस लिव्हिडिपेनिस मिरिडच आहे. बांधावर दिसला म्हणून फवारला, तर तुडतुड्यांचं फावतं. नेसिडिओकोरिस टेन्युइस तर टोमॅटोचा रसही पितो आणि पांढरी माशीही खातो. स्पेनमधले हरितगृहवाले त्याला मुद्दाम सोडतात.

घायपातीला आपल्याकडं केकताडही म्हणतात. बांधावर, रुळांच्या कडेला ती जागोजागी उभी आहे. मूळची अमेरिकेची, इथं रुजलेली. तिच्यावर कधी ठिपके आणि पळते किडे दिसले, तर काय करावं? भिंग काढा आणि आधी पाचर शोधा. मग पिल्लं आहेत का पाहा. दोन्ही छटांचे किडे घ्या, त्यात नर यायलाच हवेत. एवढ्या लहान किड्याला टाचणी टोचली तर तो फुटतो, म्हणून जाड कागदाचं टोकदार त्रिकोणी चिटोरं कापून त्याच्या टोकाला किडा गोंदानं चिकटवायचा आणि टाचणी चिटोऱ्याला टोचायची. खाली चिठ्ठी: गाव, तालुका, तारीख, झाडाचं नाव, ‘पिल्लं होती’ की ‘नव्हती’. आणि जिवंतपणी अंगाचा रंग कसा होता तेही, कारण पेटीत तो टिकेलच असं नाही.