बाळाचा घास आणि मैत्रिणीचे मत

मूल सहा महिन्यांचे झाले की त्याला वरचे अन्न सुरू होते आणि त्या दिवसापासून त्याच्या घासाबद्दल मत असणारी माणसेही वाढतात. आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्या सल्ल्याला घरात एक ठरलेली जागा असते. तो ऐकून घ्यायचा आणि पटला नाही तर सोडून द्यायचा, हे आईला ठाऊक असते. मैत्रिणीचे मत असे सोडून देता येत नाही. ती बरोबरीची, बहुतेक वेळा त्याच वयाच्या मुलाची आई. तिने मुलाच्या ताटाबद्दल एखादा शब्द काढला तरी ऐकणारीला त्यात आपल्या आईपणावरचा ठपका ऐकू येतो. म्हणूनच वर्षानुवर्षांच्या मैत्रीत वाटीभर वरणभातावरून अबोला आलेला दिसतो.

दोघी मैत्रिणी आपापल्या चौदा महिन्यांच्या मुलींना घेऊन जेवणाच्या वेळी एकत्र बसल्या आहेत, असे समजू. पहिलीने मुलीसमोर मोबाइल उभा केला आहे. पडद्यावर गाणे चालू आहे आणि मुलगी टक लावून ते बघते आहे. चमचा ओठाला लागला की तोंड उघडते, घास आत जातो. दहा मिनिटांत वाटी रिकामी. दुसरीची मुलगी जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर बसून मऊ भाताची शिते बोटांनी वेचते आहे. अर्धा भात चादरीवर, थोडा केसांत, पोटात गेले ते चार-पाच घास. पहिलीला वाटते, ‘हिची पोर उपाशी राहते.’ दुसरीला वाटते, ‘हिच्या पोरीला आपण काय खातो तेच कळत नाही.’ दोघींच्या काळजीत तथ्य आहे. मात्र ती बोलून दाखवण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: समोर जे चालले आहे त्यात मुलाला धोका आहे, की ते फक्त आपल्या घरापेक्षा वेगळे आहे?

सल्ला बदलत आला आहे

या विषयात जाणकारांची मतेही एका जागी थांबलेली नाहीत. महाराष्ट्रात अनेक घरांत मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करण्याची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न, आणि त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही स्तनपान, असे ती सांगते.

शेंगदाण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये दिला होता. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. पुढे लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शेंगदाणा पूर्ण टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. लहानपणापासून नियमित खाल्लेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. म्हणजे २००३ साली आई झालेली बाई आणि आज आई झालेली तिची धाकटी मैत्रीण, दोघींनी डॉक्टरांचे ऐकूनही एकमेकींच्या उलट वागणे शक्य आहे. जिच्या वागण्याचा राग येतो तीही कोणाचा तरी सल्लाच पाळत असते, हे ध्यानात ठेवले तर पुढचे बोलणे मऊ होते.

‘खातच नाही’ म्हणजे काय

सर्वांत जास्त मतभेद ‘किती’ यावरून होतात, आणि त्यामागे वाढीचे एक साधे गणित आहे. तीन किलोचे जन्मलेले बाळ वर्षभरात तिप्पट, म्हणजे नऊ किलोच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षात मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. नेमके याच वेळी मूल चालू लागते, त्याचे लक्ष शंभर ठिकाणी जाते आणि घराला वाटते की ते खायचे विसरले. त्यातच दोन वर्षांच्या सुमाराला अनोळखी पदार्थ नाकारण्याची खोड सुरू होते. नवी भाजी मुलाने स्वीकारण्याआधी ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, न रागावता समोर ठेवावी लागते. दुसऱ्या नकारानंतर ‘ह्याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारला की तो बराच काळ टिकतो.

मुलांना आपली भूक कळते का, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या १५ मुलांना एकूण ३४ पदार्थांतून हवे ते निवडू दिले. परिचारिकांनी घास पुढे करायचा नाही, आग्रह करायचा नाही, मुलाने बोट दाखवले तरच द्यायचे, असा नियम होता. मुलांचे एकेक जेवण विचित्र असे. एखाद्याच्या न्याहारीला भरपूर संत्र्याचा रस आणि यकृत, तर रात्री अंडी, केळी आणि दूध. तरीही मुले उत्तम वाढली. हा प्रयोग सांगताना त्यातली दुसरी बाजू बहुधा सुटते आणि डेव्हिस यांनी स्वतः तिच्यावरच बोट ठेवले होते: त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डब्यातले काही नव्हते. निवड मुलांची होती, यादी मोठ्यांची होती.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हेच काम वाटून दाखवले. काय, केव्हा आणि कुठे खायला द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. बहुतेक भांडणे या दोन कामांची अदलाबदल झाल्याने होतात. कुठे मूल बिस्किटाचा पुडा मागते आणि मिळवते, तर कुठे आई शेवटच्या घासापर्यंत मागे लागते.

घरागणिक वेगळे चालेल असे

चमच्याने भरवायचे की हाताने खाऊ द्यायचे, हा आजच्या आयांमधला मोठा वाद आहे. मुलाने पहिल्यापासून स्वतःच्या हाताने खावे, ही पद्धत ब्रिटनमधील गिल रॅपली यांनी लोकप्रिय केली. पदार्थ मऊ आणि नीट आकारात कापलेले असतील तर ती चालते. आपल्याकडची वाटी-चमच्याची किंवा आजीच्या बोटाने भरवण्याची रीतही तितकीच चालते. मूल तोंड उघडते तेव्हाच घास द्यावा आणि मान फिरवते तेव्हा थांबावे, एवढे दोन्हीत पाळले तर झाले.

अंडी-मासे द्यायचे की नाहीत, हाही घराचा प्रश्न आहे. शाकाहारी घरात डाळी, उसळी, दूध-दही, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या यांतून बाळ चांगले वाढू शकते. घरात दूधही चालत नसेल तर बी-१२ जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवे, कारण वनस्पतिज अन्नात ते जवळजवळ नसते. पावडरचे दूध पाजणाऱ्या आईला टोमणा मारून तिचे दूध वाढत नाही. तिला मदत करायची तर पावडर आणि पाण्याचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच आहे ना, एवढे पाहावे. डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले तर बाळाचे पोषण खालावते.

जिथे गप्प बसू नये

काही गोष्टी मात्र मतांच्या नाहीत. पहिली मधाची. बाळाला मध चाटवण्याची चाल जुनी आहे, पण मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही नको.

दुसरी घशात अडकणाऱ्या पदार्थांची. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, बोरे, सीताफळाच्या बिया लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. शेंगदाणा द्यायचा तो कूट करून, भातात किंवा खिचडीत मिसळून. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास घालू नये. नाक दाबून भरवणे तर कुठल्याच घरात चालू देऊ नये.

तिसरी गोष्ट पातळ अन्नाची. ती प्रेमापोटीच घडते, म्हणून चटकन लक्षात येत नाही. वरणाच्या भांड्यातले वरचे पाणी वाटीत काढून ‘डाळीचे पाणी’ म्हणून पाजले जाते. वाटी भरते, पोट भरते, पण डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. बाळाचे पोट लहान असते, म्हणून त्याला घट्ट अन्न लागते: चमचा तिरका केल्यावर पटकन ओघळणार नाही असे, घोटलेल्या डाळीचे, वर थोडे तूप घातलेले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे खाणे, असे प्रमाण सांगितले जाते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तर उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही.

चौथी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. मूल दुधावरच राहिले तर लोह कमी पडते, कारण गाई-म्हशीच्या दुधात ते फारच थोडे असते. वर्षाच्या आत हे दूध मुख्य आहार म्हणून नको, आणि नंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे नको. चहात बुडवलेले बिस्किट लहान मुलाला देण्याची सवय अधिक वाईट, कारण चहातील टॅनिनमुळे जेवणातले लोहही अंगी लागत नाही. उलट वरणभातावर लिंबू पिळले तर लोह चांगले अंगी लागते. सरकारी कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची सोय आहे, त्याची आठवण मैत्रिणीला जरूर द्यावी.

मोबाइल, गोड बिस्किटे, पाकिटातले चटपटीत खाणे यांचा धोका असा त्या दिवशी दिसत नाही, पण तो साचत जातो. दोन वर्षांच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पडद्यासमोर जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याची खूण कळेनाशी होते. हे सांगायला हवे, पण घाईची गोष्ट म्हणून नव्हे, सवड बघून.

बोलायचे कसे

एका जेवणावरून मूल जोखू नये. पाहुणे आले की मूल बिथरते, आणि आईने त्या दिवसापुरता सोपा मार्ग धरलेला असू शकतो. मुलाची खरी स्थिती वाढीच्या तक्त्यावर कळते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतील मुलांवरून तयार झाले आणि त्यांत दिल्लीची मुलेही होती. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर तो तक्ता असतो. वजनाची रेघ आपल्या पट्ट्यातून वर जात असेल तर बारीक दिसणारे मूलही ठीक आहे. ती आडवी झाली किंवा खाली वळली तर गुबगुबीत दिसणाऱ्या मुलाचीही चौकशी हवी.

धोक्याची गोष्ट त्याच क्षणी सांगावी, पण सासूबाईंसमोर किंवा चारचौघांत नव्हे. ‘अगं, मध वर्षभर नको म्हणतात, त्यातून विषबाधा होऊ शकते. एकदा डॉक्टरांना विचारून घे ना,’ एवढे पुरते. कारण सांगितले की त्यात हुकूम राहत नाही. तीच गोष्ट दर भेटीत उगाळू नये. तिच्या मुलाला आपल्या हाताने काही भरवण्याआधी विचारावे. ॲलर्जी असू शकते, घरचा नियम असू शकतो. मुलाच्या देखत ‘हा काही खातच नाही’ हे तर दोघींनीही म्हणू नये, कारण मूल ते ऐकत असते आणि तसेच वागू लागते.

आणि सांगण्याइतकाच हातभार मोलाचा असतो. रात्रभर जागलेल्या, ‘दूध पुरत नाही’ हे घरात रोज ऐकणाऱ्या आईला आणखी एका सल्ल्यापेक्षा अर्धा तास मूल सांभाळणारे कोणी हवे असते. मोबाइल बाजूला ठेवायचा तर त्या वेळी मुलीशी बोलायला, चिऊकाऊचा घास करायला दुसरे माणूस लागते.

सुरुवातीच्या दोघींकडे पाहिले तर पहिलीने एका जेवणापुरता मोबाइल बंद करून बघावा आणि वाटी अर्धी राहिली तरी चालू द्यावी. दुसरीने चादरीवरच्या भातात घोटलेली डाळ आणि तूप कालवावे, म्हणजे चार-पाच घासही अंगी लागतील. दोघींनी एकाच दिवशी मुलींचे वजन करून कार्डावर नोंदवावे. दोन्ही रेघा वर जात असतील, तर राहिलेला फरक दोन घरांचा आहे आणि तो तसाच राहू द्यावा.