विसार देण्याआधी सातबारा वाचा



बैठकीत कर्जाची मागणी आली की आपण विचारतो, पैसे कशाला पाहिजेत? "घर घ्यायचंय" म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. पण तेव्हाच आणखी एक प्रश्न विचारायचा. ते घर कोणाच्या जागेवर उभं आहे?

समजा, वावरच्या एखाद्या पाड्यावर घर विकायला आहे. भिंती पक्क्या, वर पत्रे, दारात पाणी. विकणारा म्हणतो, "स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, घरपट्टी तुझ्या नावावर करून घे, झालं." नाही, एवढ्याने झालं नाही. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा विकत घ्यायची तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. नोटरीचा शिक्का त्याच्या जागी चालत नाही.

मग काय बघायचं? पाड्यावरची बरीच घरं गावठाणाबाहेर, शेतजमिनीत असतात. म्हणून पहिला सातबारा काढा. त्यात 'भोगवटादार' शब्दापुढे वर्ग लिहिलेला असतो. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' या रकान्यातल्या अटी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं, खातेदार आदिवासी आहे का? आपला जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. त्याआधी ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. हे सोडून व्यवहार केला तर जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. घेणारी आदिवासी असली तरी तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे बंधन कटकटीचं वाटतं खरं. पण याच बंधनामुळे आपल्या वाडवडिलांच्या जमिनी शहरातल्या पैसेवाल्यांपासून वाचल्या, हेही विसरू नका. उद्या घरातला कोणी जमीन विकायला निघाला तर हाच कायदा त्याला सांगा.

तिसरं, जागा वनपट्ट्याची आहे का? 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता येत नाही. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने असतो. त्याने एकट्याने अंगठा दिला काय आणि दोघांनी मिळून दिला काय, विक्री होतच नाही.

गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा सनद मागा.

घरकुलाच्या यादीत नाव आहे, पण जागाच नाही, अशी ताई गटात असेल तर तिला पंचायत समितीत पाठवा. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना अशांसाठीच आहे.

आणि गटाने ठराव करावा: कागद बघितल्याशिवाय घरासाठी कर्ज नाही. त्यात त्या ताईवर अविश्वास नाही, तिची राखण आहे. कारण घर हातचं गेलं तरी हप्ता राहतोच, आणि तो आपल्या सगळ्यांच्या बचतीचा असतो.