टाका वर ठेवणारा पातळ पापुद्रा

विवाहातील आहेराचे टॉवेल, दुकानाच्या नावाचे टी-शर्ट, मखमली बटवे यांवर यंत्राने नाव भरून देण्याचा जोडधंदा आज अनेक व्यापारी कुटुंबांत रुजला आहे. यंत्र घेताना भांडवल आणि हप्ता यांचा बारकाईने विचार होतो. मात्र पाण्यात विरघळणारा टॉपर हा किरकोळ खर्च समजून टाळला जातो. पुढे अक्षरे कापडात बुडतात आणि तयार माल परत येतो.

टॉपर म्हणजे कापडाच्या वर ठेवावयाची पारदर्शक फिल्म. ती बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पदार्थाची असते. हा पदार्थ १९२४ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झाला. दिसावयास प्लॅस्टिकसारखा असूनही तो पाण्यात विरघळतो. कापडाखालचा बॅकिंग पेपर टाक्यांचा ताण सोसतो. वरचा टॉपर टाक्यांना लवीत रुतू देत नाही. या दोहोंची कामे भिन्न असल्याने एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

सोलापुरी टॉवेलासारख्या फासेदार कापडावर टॉपर अत्यावश्यक ठरतो. त्याविना बारीक अक्षरे फाशांत हरवतात. परंतु हा आधार तात्पुरता असतो. काही धुण्यांनंतर टाक्यांखाली अडकलेली फिल्मही निघून जाते. म्हणून फासे कायमचे दाबून ठेवण्यासाठी नक्षीखाली विरळ आधारटाके घातलेले असावेत. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडास खाली न फाटणारा बॅकिंग पेपर आणि वर पातळ टॉपर दिल्यास अक्षरांच्या कडा रेखीव येतात. मखमल फ्रेममध्ये आवळल्यास वळ उमटतात. अशा वेळी केवळ बॅकिंग पेपर फ्रेममध्ये ताणून त्यावर मखमल चिकटवावी. घट्ट विणीच्या साध्या सुती कापडास मात्र टॉपरची सहसा गरज नसते. तेथे हा खर्च वाचवावा.

भरतकाम संपल्यावर मोठे तुकडे हलक्या हाताने फाडून काढावेत. उरलेला अंश ओल्या फडक्याने टिपावा अथवा कापड कोमट पाण्यात बुडवावे. कापड धुतल्यावरही कडक लागले, तर फिल्म पुरती निघालेली नाही असे समजून ते पुन्हा धुवावे. फिल्म निघण्यापूर्वी इस्त्री फिरवू नये. ज्या कापडाचा रंग जातो किंवा ज्यावर पाण्याचे डाग पडतात, त्याच्या कात्रणावर आधी परीक्षा करावी. पाणी चालतच नसेल, तर उष्णतेने निघणारी फिल्म मिळते. मात्र ते कापड तेवढी उष्णता सोसणारे असले पाहिजे.

टॉपर हवेतील ओलावा शोषतो. पावसाळ्यात तो मऊ पडून चिकटतो, तर फार कोरड्या हवेत ठिसूळ होतो. म्हणून हवाबंद पिशवीत ठेवावा. उरलेले तुकडे लहान अक्षरांसाठी वापरता येतात.

दर ठरविताना टॉपर, बॅकिंग पेपर, धुणे आणि वाळविण्याचा वेळ या चारही बाबी हिशेबात धराव्यात. मोठी मागणी स्वीकारण्यापूर्वी त्याच कापडावर एक नमुना भरून, दोन-तीन वेळा धुऊन, वाळवून ग्राहकास दाखवावा. एका नमुन्याचा खर्च फार नसतो; संपूर्ण गठ्ठा परत आल्यास मालाबरोबर पेढीची पतही जाते.