नावाच्या नोंदीतील फेरफार

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे इंटरनेटवरील संकेतनाम ‘एसी डॉट इन’ या वर्गात मोडते, तर नांदेड व लातूर या दोन्ही जिल्हा प्रशासनांची नावे ‘जीओव्ही डॉट इन’ या वर्गात. पहिल्या वर्गाचे दप्तर एर्नेट इंडियाकडे, दुसऱ्याचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे. ‘डॉट इन’ची मूळ नोंदवही मात्र निक्सी या संस्थेच्या अधीन आहे.

नेम सर्व्हर नावावरून संगणकाचा अंकात्मक पत्ता सांगतो, आणि त्याची नोंद रजिस्ट्रारामार्फत, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या अशा संस्थेमार्फतच, मूळ वहीत चढते. म्हणून ज्या संस्थेची नावे निरनिराळ्या रजिस्ट्रारांकडे आहेत, तिने नेम सर्व्हर बदलताना प्रत्येकाकडे स्वतंत्र बदल नोंदविला पाहिजे. लातूरच्या शेताचा फेरफार मंजूर झाल्याने नांदेडचा सातबारा बदलत नाही, तसेच हे आहे.

बदल नोंदविण्यापूर्वी नव्या नेम सर्व्हरवर सर्व नोंदी, विशेषतः टपालाच्या, आधी उतरवून घ्याव्यात, आणि जुना सर्व्हर निदान दोन दिवस चालू ठेवावा. कारण जगभरचे मध्यस्थ संगणक जुने उत्तर मुदत संपेपर्यंत जपून ठेवतात. उत्तराच्या खरेपणाची ग्वाही देणारी डीएनएसएसईसीची स्वाक्षरी असल्यास मूळ वहीतील तिची डीएस नोंद प्रथम काढावी, अन्यथा नाव पडताळणीत अग्राह्य ठरते.

परंतु याहूनही निकडीची बाब हक्काची आहे: संकेतस्थळ उभारून देणाऱ्या गृहस्थाच्या नावे रजिस्ट्राराकडील खाते राहिले, तर संस्थेला स्वतःच्याच नावात बदल करण्याचा अखत्यार उरत नाही, तेव्हा खाते व त्याचा ईमेल संस्थेच्याच ताब्यात असावा.