खाडीच्या गुलाबी पाहुण्यांचा हिशेब

"वहिनी, भांडुपला राहून तू अजून फ्लेमिंगो पाहिले नाहीस?" पुण्याहून धाकट्या नणंदेनं फोनवर विचारलं आणि मी अगदी ओशाळले. खरंच, लग्न होऊन इथे आल्याला चौदा वर्षं झाली. स्टेशन, बाजार, शाळा आणि घर ह्या चौकोनापलीकडचं भांडुप मी कुठे पाहिलं होतं? हायवेच्या पलीकडे खाडी आहे, एवढंच ठाऊक.

मग एका हनुमान जयंतीला आम्ही बेत केलाच. पुरी-भाजीचा डबा घेतला, शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणली आणि हे, मी आणि आमची कन्या असे पंपिंग स्टेशनच्या रस्त्यानं खाडीवर पोचलो. दुपारचे साडेबारा झाले होते. पाहतो तो काय, खाडी काठोकाठ भरलेली! तिवरांची झाडं अर्धी पाण्यात, आणि पक्षी म्हणाल तर चार बगळे. डबा खाऊन, उन्हानं लाल होऊन परत आलो.

सासूबाई दापोलीकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पौर्णिमेला बाराच्या सुमाराला भरती असते. शिकलेल्या सुनेला एवढंही माहीत नसावं?"

मैत्रिणींनो, त्यांनी सांगितलेला हिशेब तुम्हीही लिहून ठेवा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आगेमागे भरती. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरायचा. कोकणातल्या बायका ह्याच हिशेबावर शिंपल्या-खुबे काढायला जातात.

आठ दिवसांनी, अष्टमीला दुपारी पुन्हा गेलो. पाणी ओसरलं होतं, चिखल उघडा पडला होता, आणि त्या राखाडी चिखलावर दूरपर्यंत गुलाबी रेघ! दुर्बीण लावल्यावर कळलं की रेघ नव्हे, हजारो पक्षी माना खाली घालून जेवताहेत.

चोच उलटी, जेवण गाळून

ह्या पक्ष्याला आपल्या मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंख असंही एक सुंदर नाव आहे. आपल्या खाडीत दोन जाती येतात, थोरला रोहित आणि धाकटा रोहित. गर्दी मुख्यतः धाकट्याची. जगभरात त्याची स्थिती काळजी करावी अशी आहे, म्हणून संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत त्याची नोंद झाली आहे.

हा पक्षी चोच उलटी करून पाण्यात घालतो. जिभेनं पाणी आत ओढतो, चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून ते बाहेर सोडतो आणि गाळ्यावर राहावं तसं अन्न आत राहतं. धाकटा रोहित मुख्यतः पाण्यातलं अगदी सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ खातो. थोरला बारीक कोळंबीसारखे जीव, अळ्या, किडे खातो. त्यांचा गुलाबी रंगही ह्या अन्नातूनच येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं.

आणि एक गंमत ऐका. मादी एकच अंडं घालते. पिल्लाला आईबाप दोघंही आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा रस पाजतात. आई आणि बाबा, दोघंही, बरं का! मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"बाई, मोजले कोणी?"

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात मुलांना सांगितलं, की चांगल्या हंगामात ठाण्याच्या खाडीत एक लाखाहून जास्त रोहित असतात. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, मोजले कोणी? आणि मोजताना उडाले तर?"

मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. उत्तर येईना. मग वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की सगळी गोष्ट ह्या पोराच्या प्रश्नातच आहे.

मोजणीचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक करतात. ही मुंबईतली संस्था १८८३ सालची. खाडीचे ठरावीक भाग पाडायचे, ठरावीक ओहोटीला नावेतून किंवा काठावरून जायचं. एकेक पक्षी मोजणं शक्य नसतं. म्हणून आधी शंभर पक्षी नीट मोजून तेवढ्या घोळक्याचा आकार डोळ्यांत बसवायचा, मग असे किती घोळके ते मोजायचे. फोटो काढून पुन्हा ताळा करायचा. हेच दर महिन्याला, वर्षानुवर्षं. आपण डाळीचा डबा पाहून महिनाभर पुरेल की नाही ते सांगतो ना? तसंच, पण कागदावर आणि पुराव्यानिशी.

ह्या कंटाळवाण्या मोजणीचा उपयोग काय, असं वाटेल. उपयोग असा, की २०१५ साली राज्य सरकारनं ठाणे खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. मालवणनंतरचं हे महाराष्ट्रातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हा दर्जा नुसतं सुंदर दिसतं म्हणून देत नाहीत. त्याच्या निकषांत आकडे असतात: तिथे नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येतात का? एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी निदान एक टक्का तिथे असतात का? वर्षानुवर्षांची वही नसती, तर आपल्या खाडीच्या वतीनं बोललं कोण असतं?

शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो शिवडीच्या चिखलावरूनच जातो. तिथे पुलाच्या कडेला आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत, त्याही ह्या पक्ष्यांसाठी. ते कुठे उतरतात आणि कुठे जेवतात, ते आधी कोणी पाहिलेलं असेल, तरच भिंत कुठे घालायची ते ठरतं.

भरतीला जातात कुठे?

आता माझ्या फुकट गेलेल्या हनुमान जयंतीकडे येऊ. भरतीला चिखल बुडतो, मग हे हजारो पक्षी जातात कुठे?

२०२२ मध्ये अभ्यासकांनी सहा रोहितांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली, तीन थोरल्यांच्या आणि तीन धाकट्यांच्या. यंत्र उन्हावर चालतं आणि पक्षी कुठे आहे ते मोबाईलच्या जाळ्यातून कळवतं. त्यांतल्या एकाचं नाव ठेवलं हुमायून, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली ह्यांच्या आठवणीसाठी. हा हुमायून पावसाळ्यात गुजरातेत गेला. कच्छच्या रणात रोहितांची वीण होते, म्हणजे आपली खाडी त्यांचं माहेर म्हणा, सासर म्हणा, पण दोन्हीकडे सुखरूप असतील तरच संसार चालायचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजच्या फेऱ्या कळल्या. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर जेवतात आणि भरतीला पलीकडे नवी मुंबईच्या तळ्यांत, पाणथळ जागांत विसाव्याला जातात. ओहोटी लागली की परत खाडीत. म्हणजे खाडी हे त्यांचं स्वयंपाकघर आणि ती तळी म्हणजे निजायची खोली. स्वयंपाकघराला अभयारण्याचं कुलूप लावलं आणि निजायच्या खोलीत भराव टाकला, तर पाहुणे राहतील का?

हा काही नुसता तर्क नाही. नेरुळजवळच्या डी.पी.एस. तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली आणि तळं सुकू लागलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथे आणि आसपास काही रोहित मेलेले सापडले. पुढच्याच महिन्यात, २० मेच्या रात्री, आपल्या घाटकोपरवर दुबईहून येणारं विमान रोहितांच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, पण पंतनगर-लक्ष्मीनगरच्या वस्तीत ३९ पक्षी मरून पडले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सुट्टीतही माझ्या वर्गातल्या दोघी मुली घरी आल्या होत्या. बोलत काही नव्हत्या, नुसत्या बसून राहिल्या.

रोहित रात्रीही उडतात, लांबचा प्रवास तर बहुधा रात्रीच करतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. पक्ष्यांची वाट आणि वेळ ठाऊक असणं आता पक्ष्यांच्या जिवासाठी आहे आणि विमानात बसलेल्या माणसांच्या जिवासाठीही. विसाव्याची तळी गेली तर हे थवे भलतीकडेच उतरू लागतील, हा इशारा अभ्यासकांनी दिलाच आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डी.पी.एस. तळ्याची सुमारे ३० एकर जागा संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. रहिवाशांनी आवाज उठवला, आणि त्यांच्या हातात अभ्यासकांची वही होती.

गर्दी म्हणजे प्रकृती नव्हे

"एवढे पक्षी येतात, म्हणजे खाडी चांगलीच असणार!" असं मलाही वाटलं होतं. पण तसं नाही.

आपलं भांडुप गमतीचं आहे. पश्चिमेला डोंगराच्या कुशीत मुंबईचं पिण्याचं पाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र, आणि पूर्वेला खाडी, जिथे वापरलेलं पाणी जातं. काही प्रक्रिया होऊन, काही नाल्यांतून तसंच. १९९० च्या दशकात रोहित इथे मोठ्या संख्येनं येऊ लागले. सांडपाण्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर धाकटा रोहित पोसतो, असा अभ्यासकांचा कयास आहे. पण हे प्रमाण वाढत गेलं तर पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे-कोळंबी गुदमरतात आणि एक दिवस पक्ष्यांचं अन्नही बिघडतं. गुळाला मुंग्या लागल्या म्हणून गूळ चांगलाच आहे, असं आपण म्हणतो का?

आमच्या बाजारात खाडीच्या चिंबोऱ्या, निवट्या घेऊन बसणारी कोळीण मावशी आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, पाखरं बघायला गाड्या येतात. आमच्या जाल्यात काय येतं, ते कुनी बघत नाय. निम्म्याला निम्मं पिलास्टिक." तिचं पोट आणि रोहितांचं पोट एकाच चिखलावर आहे. म्हणूनच पाणी, गाळ, मासे आणि पक्षी ह्या सगळ्यांची नोंद एकत्र ठेवावी लागते.

आपल्या हातात एवढं

नाले आणि प्रक्रिया केंद्रं ही काही आपल्या हातातली गोष्ट नाही. त्यासाठी नगरसेवकाला विचारायचं. पण मोरी आपल्या हातात आहे.

तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. जुन्या बाटलीत साठवा, थोडं असेल तर रद्दी कागदात टिपून कचऱ्यात टाका. कपड्यांच्या पावडरीचा चमचा पाकिटावर सांगितलाय तेवढाच घ्या; जास्त फेसानं कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. निर्मात्याला वाहिलेलं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून खाडीत भिरकावण्यात कसलं पुण्य? ते कलशात टाका, नाहीतर कुंडीत खत करा.

आणि मुलांना घेऊन खाडीवर जरूर जा. थंडीपासून मेपर्यंत हंगाम असतो. ऐरोलीला वनविभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावेची फेरीही निघते, तिची वेळ भरतीवरच ठरते. उडताना छान दिसतात म्हणून टाळ्या वाजवून, दगड मारून त्यांना उडवू देऊ नका. ओहोटीचे थोडेच तास त्यांच्या जेवणाचे असतात. पानावरून आपण कोणाला उठवतो का? एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं दिसलं आणि त्यावरची अक्षरं वाचता आली, तर तारीख आणि जागा लिहून सोसायटीला कळवा. तेवढीच एक ओळ त्यांच्या वहीत आपली.

आमच्या घरी आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या आणि गॅसच्या नोंदीशेजारी कन्येनं तिसरी नोंद सुरू केली आहे. तिथी पाहून सासूबाई ओहोटीची वेळ सांगतात, आणि महिन्यातून एकदा आम्ही खाडीवर जाऊन मोजतो. शंभरचा घोळका धरायला अजून नीट जमत नाही. मागच्या खेपेला माझे झाले बाराशे, ह्यांचे दोन हजार. कन्या म्हणाली, "तुम्ही दोघं पुन्हा मोजा." आणि आम्ही मोजले.