मोडक्या कुदळीचे काय करावे?



पावसाळा सरला की रत्नागिरी जिल्ह्यात आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते. या कामाला जाणाऱ्या अनेक कातकरी कुटुंबांकडे स्वतःची म्हणावी अशी अवजारे थोडीच असतात: एखादा कोयता, एखादा विळा, कधी एक कुदळ. दांडा मोडला की त्या दिवसाचा रोज बुडतो. नव्या अवजारासाठी उचल घेतली, तर ती पुढच्या मजुरीतून वळती होते. इकडे आपल्यापैकी कित्येकांच्या पडवीत बिनदांड्याची फावडी आणि गंजलेले कोयते पडून असतात.

पहिल्या शमुवेलाच्या 13 व्या अध्यायात अशीच अडचण सांगितली आहे. इस्राएलात लोहार नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि पैसे मोजावे लागत. ज्याला आपले अवजार धारेवर ठेवता येत नाही, तो दुसऱ्यावर अवलंबून राहतो. म्हणून अवजार देण्याइतकेच ते दुरुस्त करता येणेही महत्त्वाचे आहे.

दांडा: अडकलेला तुकडा जाळून काढू नये. जास्त तापले की लोहाराने दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही. तुकडा ठोकून किंवा गिरमिटाने भोके पाडून काढावा. नव्या दांड्यासाठी ऐनासारखे चिवट, सरळ रेषांचे, चांगले वाळलेले लाकूड घ्यावे. टिकावाचे भोक एका बाजूला रुंद असते. त्या बाजूने दांड्याचे बारीक टोक आधी घालून दांडा ओढून घेतला की जाड टोक घट्ट बसते. कुऱ्हाडीच्या दांड्याला मात्र टोकाशी चीर पाडून सुक्या लाकडाची पाचर ठोकावी. सैल अवजार पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते. लाकूड फुगते, पण वाळल्यावर पुन्हा आक्रसते, आणि पाते निसटून शेजारच्याला लागू शकते.

गंज आणि धार: आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. नारळाच्या सोडणाने बारीक वाळू घासून गंज काढावा, पुसून कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. कोयत्याला कानस एकाच दिशेने, मूळ उताराला धरून चालवावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याला दाते असतात. तो साध्या विळ्यासारखा दगडावर घासला तर दाते जातात.

जे दुरुस्त होत नाही: झिजलेल्या फावड्याच्या पत्र्यातून लोहार खुरपी करून देतो. मोडका लांब दांडा कापला की खुरप्याची किंवा विळ्याची मूठ होते. गळके घमेले रोपे वाढवायला चालते. पाणी निथळायला भोके हवीतच. फुटक्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा चिरला की कोयत्याच्या धारेवर म्यानासारखा बसतो. आंबे काढायच्या झेल्याची जाळी फाटली असेल तर तेवढी जाळीच बदलावी. काठी आणि पाते ठणठणीत असतात.

दोन गोष्टी मात्र कोणालाही देऊ नयेत. दांडा बसतो त्या भोकाजवळ तडा गेलेले पाते वापरण्यासाठी देऊ नये. ते लोहाराला किंवा भंगारात द्यावे. औषध फवारणीचा पंप किंवा औषधाचा डबा, कितीही धुतला तरी, पाणी भरायला किंवा धान्य ठेवायला कधीही देऊ नये.

"मोडके आहे, पण गरिबाला चालेल" असे म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्यालाही कळते. देण्याआधी ते अवजार हातात घ्या, दोनदा उगारून बघा आणि स्वतःला विचारा: हे घेऊन मी उद्या दिवसभर कामाला जाईन का? उत्तर "हो" असेल तर धार झाकून, सोबत एक कानस देऊन ते पोचवा. कानस असली की पुढच्या खेपेला त्या घराला कोणाकडे जावे लागणार नाही.