चौथ्या सीटचा टाका

मी पहिल्यांदा टाके वाढवले ते नकळत. आम्ही रे रोडला गोदीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. शेजारच्या काकूंनी ४० टाके घालून सुया माझ्या हाती दिल्या आणि दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर विणायला बसवलं. वीतभर विणून मोजले, तर ४७. पट्टी खाली बारीक, वर फुगीर, दुधी भोपळाच. काकूंनी ती उजेडात धरली. "उलट झाल्यावर लोकर मागे न नेताच सुलट घेतेस तू. दर वेळी सुईवर फुकटचा वेढा बसतो."

दुसरी चूक ओळीच्या सुरुवातीला होते. विणकाम उलटून हातात घेताना लोकर सुईवरून मागे खेचली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन दिसतात. नवशिक्या दोन्ही विणून मोकळ्या होतात. लोकर खाली सोडून मगच पहिला टाका घ्यावा, म्हणजे ही चोरवाढ थांबते.

काकूंचा हात बसला तो १९६२च्या युद्धात. तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. न पाहिलेल्या माणसाची छाती किती धरायची, म्हणून त्या आमच्या चाळीतल्या सगळ्यात रुंद गृहस्थांना उभं करून माप घ्यायच्या. एरवी रे रोडला स्वेटर लागतोच कुणाला? समोर दारूखान्यात जुनी जहाजं तोडण्याचे ठोके, त्या काळी ब्रिटानियाच्या कारखान्यातून येणारा बिस्किटांचा वास आणि बारा महिने घाम. पुढचं स्टेशन तर कॉटन ग्रीन, म्हणजे कापसाचं राज्य. तरी बाळंतविडा मात्र लोकरीचाच हवा! टोपडं, मोजे, झबलं. माझे टाके तिथेच सुधारले.

नोकरी चेंबूरला लागली आणि विणकाम हार्बरच्या लेडीज डब्यात गेलं. तीन जणींच्या बाकावर चौथी येते, "जरा सरकून घ्या" म्हणते आणि टेकते. टाका वाढवणं मला नेहमी तसंच वाटतं. चौथी बसणार हे ठरलेलंच. तिला जागा कुणी द्यायची आणि फट दिसू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न.

सगळ्यात सोपी रीत एकाचे दोन करण्याची. टाका नेहमीसारखा सुलट विणायचा, पण डाव्या सुईवरून उतरवायचा नाही. त्याच टाक्यात मागच्या बाजूने पुन्हा सुई घालून दुसऱ्यांदा विणायचा, मग सोडायचा. भोक पडत नाही, पण दुसऱ्या टाक्याच्या पायाशी एक आडवी गाठ दिसते. सगळ्या ओळी सुलट असतील तर ती त्यात हरवते. बॉर्डर संपवून अंग सुरू करतानाही ही रीत चालते. ८० टाक्यांचे ८८ करायचे, तर दर दहाव्या टाक्याचे दोन. सगळी वाढ एका टोकाला उरकली, की तिथे पोट सुटतं.

दुसरी रीत मला सगळ्यात आवडते. दोन सुयांच्या मध्ये, विणलेला टाका आणि पुढचा टाका यांना जोडणारा एक आडवा धागा असतो. डाव्या सुईच्या टोकाने तो पुढून मागे उचलायचा आणि मागच्या बाजूतून सुलट विणायचा. मागून विणल्यामुळे त्याला पीळ बसतो, खालची फट मिटते. हा टाका डावीकडे कलतो. उजवीकडे कलता हवा असेल, तर धागा मागून पुढे उचलायचा आणि पुढच्या बाजूतून विणायचा. सुई जाता जात नाही, बोट दुखतं, तेव्हा समजायचं की बरोबर चाललंय. बाहीच्या दोन कडांना दोन दिशांचे टाके घेतले, तर आरशात पाहिल्यासारखी जोडी जमते.

भोकच हवं असेल तर जाळीचा टाका. लोकर दोन सुयांमधून पुढे आणायची, तशीच सुईवरून नेत पुढचा टाका सुलट विणायचा. माझी ती लहानपणची चूक म्हणजे हाच टाका. बाळाच्या मोज्यात घोट्याशी दोरी ओवायची भोकं अशीच करतात. फक्त प्रत्येक वेढ्याबरोबर दोन टाके एकत्र विणतात, म्हणजे भोक पडतं आणि संख्या तेवढीच राहते.

झबल्याचं अंग आणि बाही एकाच तुकड्यात विणायची असेल, तर ओळीच्या शेवटी बोटावर लोकरीचा फास घेऊन एकेक सुईवर चढवत जायचं. सोपं आहे, पण पुढच्या ओळीत फास सैल पडतात, मधला धागा लांबतो. दहा-बारा टाक्यांच्या वर मी ही रीत वापरत नाही.

गळ्यापासून खाली विणायच्या रॅग्लन स्वेटरला खांद्यावर चार तिरक्या रेघा असतात. प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक, म्हणजे एकाआड एक ओळीत आठ टाके वाढतात. रॅग्लन हे नाव वॉटर्लूच्या लढाईत, १८१५ साली, उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनचं. आमचा रस्ता १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचा. एका लॉर्डच्या रस्त्यावर बसून मी दुसऱ्या लॉर्डच्या बाह्या विणल्या.

कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी १९१० साली सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडात जन्मलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी पुढे अमेरिकेत गोल शालीचं गणित फारच सोपं करून टाकलं. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली, की घेरही दुप्पट होतो. म्हणून ९ टाक्यांवर सुरू करून एकाच फेरीत १८ करायचे. तीन फेऱ्या साध्या, मग ३६. सहा साध्या, मग ७२. बारा साध्या, मग १४४. मधे वाढ नाही. या शालीचं नाव 'पाय', म्हणजे वर्तुळाच्या गणितातला.

माझ्या गणिताची परीक्षा वडिलांच्या स्वेटरने घेतली. ते गोदीत रात्रपाळीला असायचे आणि डिसेंबरात धक्क्यावर वारा बोचतो. मनगटाशी ५४ टाके, दंडाशी ९४ हवे. वाढ ४० ची. दोन्ही कडांना एकेक, म्हणजे २० वेळा. दर सहाव्या ओळीला वाढवत १२० ओळी झाल्या. हिशेब चोख. फक्त आडवा धागा उचलून मी तो पुढूनच विणत गेले, पीळ दिलाच नाही. बाह्या शिवल्यावर दिसलं: एका बाहीला ४० भोकं, दोन्हींची मिळून ८०, अगदी ओळीने.

मी उसवायला घेणार, तर वडिलांनी स्वेटर माझ्या हातून काढून अंगात चढवला. "राहू दे गं. मुंबईचा स्वेटर आहे, हवा खेळायला नको?"